मोहिते फोरमनचा गुडघा

मनामा, १४ जुलै १९८१

आज व्यायामाच्या क्लिनिकमध्ये शेजारच्या खाटेवर कोण असावं? आमचा मोहिते फोरमन! मार्चमध्ये मी परांचीवरून खांद्यावर पडलो, तेव्हा सगळ्या सुतारांसमोर "नाटकं करतोय" म्हणाला होता तो हाच. त्याच दुखऱ्या हाताने मला रंधा मारायला लावला. शेवटी भांग पाडायलाही हात वर जाईना.

आता त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. केरळच्या लिसीबाई गुडघा वाकवायला लागल्या, तसा केवढ्याने ओरडला! मी म्हणालो, "फोरमनसाहेब, नाटकं करू नका." बाईंना मराठी कळत नाही. त्यांना वाटलं मी धीर देतोय. "हां, समझाओ इनको," म्हणाल्या.

घाम पुसत मोहित्याने विचारलं, "सावंता, खरं सांग. याने गुण येतो का रे?"

गुण? आज सकाळी मी माझ्या हाताने भांग पाडला. असे उपचार मला गावी सात जन्मांत मिळाले नसते. पण त्याच्यासमोर मी हात मुद्दाम लोंबता ठेवला.

"मफी. काही गुण नाही. नुसतं दुखतं."

त्याचा चेहरा उतरला. इतकं बरं मला आखडलेला खांदा सुटला तेव्हाही वाटलं नव्हतं. बाईंशी मात्र बेइमानी झाली. झालीच.

उद्यापासून तो आलाच नाही आणि गुडघा तसाच आखडला तर? आखडू दे. माझा खांदा आखडला, तेव्हा त्याची कुठे झोप उडाली होती?