अण्णांचं पित्त

अण्णा, तुमच्या पित्ताबद्दल लिहायचं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी रागावणार नाही असं धरून चालते. त्या पित्तापायी आपल्या घरात मोरावळ्याच्या किती बरण्या संपल्या! पलटणीतून सुट्टीवर आलात की झोप नाही, पित्त. जेवण नको, पित्त. शेजारच्या लग्नात फटाके वाजले आणि तुम्ही मोरीत जाऊन बसलात, तेही पित्तच. तुम्हाला उठवायला आई अंगाला हात लावायची नाही, दारातूनच कपबशी वाजवायची. त्या वर्षी तिने चिकपेटेच्या बाजारातून डझनभर जास्तीच्या बांगड्या आणल्या. हौस, म्हणायची.

मग सीमेवर तुमचा पाय मोडला आणि तुम्हाला इथे बंगळूरच्या लष्करी हॉस्पिटलात आणलं. मी चौदा वर्षांची. डॉक्टरांनी आईला हिंदीत विचारलं, हे घरी नीट झोपतात का? तिला मराठी आणि कन्नड सोडून काही येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे वळले. तुम्हीही माझ्याकडे पाहिलंत. एरवी नुसत्या डोळ्यांनी हुकूम सोडणारे तुम्ही, त्या दिवशी विनवत होतात. मी म्हणाले, झोपतात, थोडं पित्त आहे. डॉक्टरांनी तसं लिहिलं. तुम्ही तुमच्या ताटातलं केळं मला दिलंत. ''शहाणी गं माझी,'' म्हणालात.

आता मी त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. बेळगावकडचा एक जवान आहे, त्याचा पाय मी चालता करतेय. गेल्या आठवड्यात त्याला डुलकी लागली होती. मी गुडघ्याला हात लावला, तर त्याने माझं मनगट धरलं ते सोडेचना. भानावर आला आणि रडायला लागला. ''काय न्हाई ओ अक्का, पित्त हाय नुसतं. डॉक्टरास्नी सांगू नकासा. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की बंदूक काढून घेत्यात, गावात काय तोंड दावू?'' मी समजावलं, यावर औषध आहे, पुष्कळजण बरे होतात. तो नुसती नकारार्थी मान हलवत राहिला.

आज डॉक्टर आले. झोप कशी आहे विचारलं, तर तो म्हणाला, पित्त. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही याच्या भाषेतल्या, काय म्हणतोय हा? आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. अण्णा, अगदी तुमच्यासारखं. मी बाही खाली ओढली आणि म्हणाले, ॲसिडिटी. सोमवारी तो पलटणीत परत जाईल. उद्या डॉक्टरांना गाठून खरं सांगावं, असं दुपारपासून स्वतःला बजावतेय. जमेल असं वाटत नाही. माझीच मला भीती वाटते.

हे पत्र मोरावळ्याच्या रिकाम्या बरणीत ठेवीन, दुसरीकडे कुठे टाकणार? एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी हॉस्पिटलात आईने पदर सावरला तेव्हा बांगड्या वर सरकल्या होत्या. तुमच्या उशाशी रात्र काढलेल्या तिच्या मनगटावर माझ्यासारखेच वळ होते. मी ते पाहिले, आणि मगच म्हणाले, झोपतात.