स्तुदेनावरची गॅरेजं

१२ सप्टेंबर

तीन माणसं! नदीच्या सभेला अख्ख्या वस्तीतून तीन माणसं — त्यातला एक पावसात आडोसा म्हणून आत शिरलेला.

मी पाणीखात्याला बोलवायचं, पूलखात्याची मनधरणी करायची, शाळेतून मुलांची चित्रं आणायची, आणि सगळं अडतं कुठे? आमच्याच स्वयंपाकघरात! स्तुदेना नदी स्लॅबखाली गाडून वर जी पत्र्याची गॅरेजं उभी आहेत, त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे सासरे. मंडळाने हो म्हटल्याशिवाय नगरपालिका स्लॅब काढून नदी उघडणार नाही. आणि बाबा काही हो म्हणत नाहीत.

"काय सूनबाई, तुझी नदी काय म्हणतेय?" मी राजम्याचं सूप वाढताना बाबांचा रोजचा प्रश्न. प्लामेन — आपला नवरोबा — मान खाली घालून जेवतो. एक शब्द बोलेल तर शपथ!

१५ सप्टेंबर

बाबांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी नव्हतीच. लोणच्याच्या बरण्या, घरी गाळलेल्या राकिया दारूचं पिंप, चार खुर्च्या. आज दाराशी मित्रांबरोबर मिरच्या भाजत बसले होते. मीही सोलायला बसले. बोटं पोळली.

"नदी उघडलीस तर आम्ही म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे? तुझ्या पाणीखात्यात?" सगळे खो-खो हसले. मीही हसले. सासूबाई गेल्यापासून हा माणूस घरी फक्त जेवायला-झोपायला येतो.

निघताना सोललेल्या मिरच्यांची पिशवी मात्र माझ्याच हातात दिली.

२० सप्टेंबर

नव्या सभेचं पत्रक छापखानेवाल्या कुझमानकडे छापायला टाकलं. नदीचा जुना फोटो आणि दोन ओळी. 'तुम्हीच चिकटवा' म्हणून सांगून आले.

२२ सप्टेंबर

कुझमान!! त्या गाढवाने काळी चौकट टाकली! दिवसभर निधनाची पत्रकंच छापतो, हात आपोआप तिकडे वळला म्हणे. वर क्रूस, मधे फोटो, खाली नाव आणि वेळ. आणि सकाळीच चिकटवून मोकळा — दारांवर, झाडांवर, बसथांब्यावर, गावातल्या बाकीच्या मयतांच्या रांगेत!

बाबांनी घरी येऊन टोपी काढली. "अरेरे. फार चांगली होती हो." आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मी ताट आपटलं.

२५ सप्टेंबर

काय लिहू! शाळेचं सभागृह भरलं, माणसं जिन्यात उभी! मेलंय कोण ते सगळ्यांना दिसत होतं की — नदीचाच फोटो होता. पण मयताचं पत्रक लागलं की जायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. फुलं आणली होती, मयताला आणतात तशी, सम संख्येत. शेजारच्या तोन्का मावशीने मयताला वाटतात ते साखर घालून उकडलेले गहू आणले. पाणीखात्याचा इंजिनीयर एका हातात गव्हाची वाटी धरून नकाशा समजावत होता!

मग जो तो उठून बोलायला लागला. कोण इथे पोहायला शिकला, कुणाची बदकं वाहून गेली. शेवटी बाबा उठले.

"आमची स्तोयना इथे गालिचे धुवायची. मी उगाच पुलावर घुटमळायचो, आणि ती माझ्यावर पाणी उडवायची. आमचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. तिथे आता मी लोणचं ठेवतो."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मंडळाचं हो लिहून घे. पण काठावर आम्हा चौघांना बसायला जागा हवी."

मी रडले. सगळ्यांसमोर, भोकाड पसरून.

२६ सप्टेंबर

नकाशावर काठाला बाक टाकला. हे मला आधी का सुचू नये?

१४ एप्रिल

स्लॅबचा पहिला तुकडा काढला. पाणी! वाहतंय! एवढंसं आहे, गढूळ आहे, पण आवाज करतंय! बाबा जेवताना गुणगुणत होते. प्लामेनसुद्धा चक्क बोलला — "मस्त." मी आज अगदी तृप्त आहे.

२ मे

वास. ऊन चढलं आणि खिडक्या धडाधड बंद झाल्या. कुणीतरी संडासाचं पाणी गटारात न सोडता थेट नदीत सोडलंय. नगराध्यक्ष म्हणतात, महिन्याभरात थांबलं नाही तर स्लॅब परत टाकू.

सोडते की काय! उद्यापासून पाइपात कॅमेरा घालणार. सभेत ठणकावून सांगितलं — ज्यांचा पाइप निघेल त्यांची नावं चौकात लावीन, ही एवढ्या मोठ्या अक्षरांत! काय टाळ्या पडल्या! आमच्या इमारतीतले तर उभे राहून वाजवत होते.

९ मे

सापडला. एकच पाइप आहे. आमच्या इमारतीतून येतोय.

बाबा खाली काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, "बघाच तुम्ही, आमची सूनबाई त्याला सोडायची नाही!"