कोणीच जिंकलं नाही, उत्कर्षा

चिंचवड,
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

प्रिय उत्कर्षा,

सप्रेम नमस्कार. तळेगावात थंडी फार आहे म्हणे. आईंचा गुडघा कसा आहे? माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हा कागद. संक्रांत आली म्हणून गोड बोलत नाहीये. पूर्ण वाच.

अगं, तू हरली नव्हतीस!

चाकणच्या कारखान्यातल्या पेंट शॉपसाठी आपण दोघींनी फझी नियम लिहिले. ‘हवा बऱ्यापैकी दमट आणि रंगकामाचा बूथ जरासा थंड असेल, तर रंग थोडा पातळ सोड’, असे मोघम शब्दांचे. तुझे बारा, माझे सत्तर. एका चाचणीत माझ्या नियमांचं मॉडेल केसभर पुढे गेलं, मारुतरावसाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि तू कंपनी सोडलीस. एका चाचणीवर!

आता मी दोन्ही मॉडेलं बेझच्या पद्धतीने तोलली. आधी आपली खात्री आकड्यात मांडायची, मग पुराव्याला ती ढकलू द्यायची. काय धाडसाची गोष्ट आहे ही! फरक किती लहान असला तर तो फरकच नाही, हेसुद्धा निकाल बघण्याआधी ठरवायचं. माझी खात्री अर्थात माझ्याच बाजूने, भरघोस. तरी रंगवलेल्या एकेका बॅचच्या आकड्यांनी मला फरफटत नेलं. शेवटी आलं काय? दोन्ही सारखीच असण्याची शक्यता शंभरात ब्याऐंशी. तुझं सरस असण्याची अकरा, माझं सात.

मीटिंगमध्ये मी उभी राहताच साहेब म्हणाले, “ताई, भाषण नको. कोण जिंकलं?”

“कोणीच नाही. म्हणून उत्कर्षाचं लावा.”

“हे कुठलं गणित?”

“बारा नियमांत तेच काम होतंय, तर सत्तर कशाला पोसायचे?”

बूथवरचा किसन मागून म्हणाला, “मॅडम, तुमच्या सत्तरांचं पारायणच करावं लागतं. चुकलेला नियम सापडंस्तोवर शिफ्ट संपती!”

सगळे हसले. मी चिडले, मग मीही हसले.

सोमवारी तुझे बारा लागतायत. बूथ नवा आहे, ‘जरासा थंड’ कुठून सुरू होतं ते पुन्हा आखावं लागेल. आखेन मी. जमेल मला.

पण समोरून “विजू, पुरे!” म्हणणारं कोणी नाही. तुझी खुर्ची अजून रिकामी आहे. तुझ्या जागी दोनदा नवा माणूस आला होता. मीच भांडून परत पाठवला.

जन्मभर छातीठोकपणे बोलत आले. तू येशील का, एवढा एकच आकडा मांडायला हात धजत नाही. सोमवारी सकाळच्या शिफ्टला गेटवर उभी असेन. माझ्या खात्रीचं काय व्हायचं ते तुझ्या हाती.

तुझ्याशी भांडायला आसुसलेली,
विजयश्री