रामण्णाचं नाव माझ्याच तोंडून

मंगळवार, मार्च १९९४

पहिली आली येलहंका शाखेची सरोजाक्का, मग यशवंतपूरचे दोघे. लेकाच्या वीज कामगार संघातले, नातीला बघायला आले. "आज्जी, नाक तुमचंच!" मी फुललेच. चकल्या वाढल्या. म्हणे संप चालू झाल्यापासून कुठल्याच शाखेचा माणूस खांबावर चढला नाही. आणि मी मेली कौतुकानं बोलले, "परवा बारशाला करंट गेला, तेव्हा लेकाच्याच शाखेतला आमचा रामण्णा चढला की!"

"स्वल्प थांबा आज्जी. कोण चढला?"

चकल्या तशाच राहिल्या. लेकानं मान खाली घातली. रामण्णा नको नको म्हणत होता, मीच हात जोडले होते. एवढं तरी मी सांगायला हवं होतं ना? संघातून काढतील का त्याला? चकल्या डब्यात परत भरल्या. गुरुवारी परत येतो म्हणाले, रामण्णाला घेऊन, माझ्यासमोरच जाब विचारायला.