ओर्काने दोनदा पुढे केलेला मासा

आबा, तुम्ही उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाहीत. तापीला पूर आला की तोच आपला समुद्र. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी, तुमची लेक, समुद्रातल्या एका जनावराबद्दल लिहायला बसले आहे, कारण त्याने मला तुमच्या डब्याची आठवण करून दिली. मी परत पाठवलेला तो डबा. त्या दिवशीचं खरं काय ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

जनावराचं नाव ओर्का. काळंपांढरं, दोन बैलगाड्या एकामागे एक लावाव्यात एवढं लांब. जळगावच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवते, पण याचं मला वेडच लागलंय. जेवतानाही मोबाईलवर तेच बघते. घरातले म्हणतात, "झालं, आला हिचा मासा!" मासा नाही हो तो, डॉल्फिनच्या कुळातला आहे, किती वेळा सांगायचं! आणि काय एकेक गुण, आबा! चार-पाच जण एका रेषेत पोहत लाट उठवतात आणि बर्फावर बसलेला सील पाण्यात पाडतात. भल्याभल्या शार्कला लोळवतात. म्हातारी पुढे, लेकरं-नातवंडं तिच्या मागे. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, यांची घराण्यागणिक बदलते. एक घराणं मासेच खाईल, दुसरं त्यांना तोंडसुद्धा लावणार नाही. लोकांनी नाव पाडलंय खुनी, पण मोकळ्या समुद्रात यांनी माणूस मारल्याचं कुणाला ठाऊक नाही. होडीजवळ येतात, डोकं वर काढून बघतात, निघून जातात. तुमचंही तसंच होतं. तुमचा आवाज ऐकला की पोरं बोरीवरून धपाधप उड्या टाकायची, आणि तुम्ही खाली सांडलेली बोरं त्यांच्याच खिशात भरायचात.

आज नववीला एक व्हिडिओ दाखवला. लहानशा होडीत एक माणूस बसलाय. ओर्का तोंडात मासा धरून येतो, त्याच्यापुढे सोडतो आणि जरा मागे सरून थांबतो. माणूस नुसता आ वासून बघतोय. ओर्का मासा उचलतो, फिरून येतो, परत पुढ्यात ठेवतो.

आणि मी हॉस्टेलच्या फाटकाशी उभी आहे. कॉलेजचं पहिलं वर्ष, थंडीचे दिवस. तुम्ही पहाटे उठून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजलीत, हिरव्या मिरच्या घालून भरीत घोटलंत, आईकडून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करून घेतल्यात आणि दोन एसट्या बदलून आलात. धोतराला अजून राख आहे. माझ्या मैत्रिणी पायऱ्यांवर बसल्यात. "कोमट शे अजून. खाई ले ना माय," तुम्ही म्हणता. तुमचा हळू आवाजही शिवारभर जायचा. कुणीतरी खुदकन हसतं. लाज वाटते मला, तुमची, आपल्या बोलीची. "जेवले मी, आबा," मी अगदी पुस्तकी मराठीत सांगते. तुम्ही मान हलवता, रस्त्यापर्यंत जाता, मागे वळून फाटकाशी येता आणि डबा परत पुढे धरता. "जरासं तरी?" "नको म्हटलं ना!" तुम्ही रागावत नाही. उधळलेला बैल शिंगं धरून थोपवणारा माणूस, डबा पिशवीत घालून गुपचूप स्टँडकडे चालू लागतो.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या माणसाने मासा घेतला का?"

"नाही."

"मग ओर्का चिडला असंल."

"नाही गं. उलट दुसऱ्यांदा दिला, बघितलंस ना?"

"मग घेतला का नाही त्यानं?"

मी म्हटलं, "आपल्याला वाढलंय हे त्याला कळलं नसेल." तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं पळाली.

हा कागद तपासायच्या वह्यांखाली जाईल, पुढे कुठे जायचा नाही. त्या माणसाला कळलं नसेल, आबा. मला कळत होतं. आणि मी जेवले नव्हते. त्या दिवशी मेस बंद होती, सकाळपासून पोटात कण नव्हता, आणि तुम्ही डबा दुसऱ्यांदा पुढे केलात तेव्हा झाकणातून भाजल्या वांग्याचा वास येत होता.