कंबर सैल, कंबर घट्ट

३ तारीख, सोमवार

ताईनं आज निर्वाणीचं सांगितलं! "महिनाअखेरपर्यंत दुकानात काम वाढलं नाही, तर शटर खाली ओढायचं आणि माझ्या ऑफिसात यायचं. आवक-जावकच्या टेबलावर जागा रिकामी आहे. मी शब्द टाकलाय."

आवक-जावक! दिवसभर शिक्के मारायचे! मी आठवड्यात मरेन. मोठी बहीण आहे म्हणून "बघू" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे आपटले.

पण काम आहे कुठे? नवे कपडे हल्ली सगळे तयारच घेतात. माझ्या वाट्याला काय, तर सैल करा, घट्ट करा, चेन बदला. आज अख्ख्या दिवसात एक चेन आली. तीही मी उलटी बसवली.

४ तारीख, मंगळवार

झोपाळासाहेबांची पँट आली. (नाव मीच ठेवलंय, कंबर सारखी पुढे-मागे झुलते म्हणून.) चॉकलेटी. नेहमीसारखी वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यांच्या ऑफिसातल्या नेहमीच्याच शिपाईमामांच्या हातून. "साहेब जाड झालेत. इंचभर सैल करा." मागच्या खेपेला साहेब बारीक झाले होते, तेव्हा इंचभर घट्ट केली होती. दोन वर्षं हेच चाललंय. या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण कंबर तोंडपाठ आहे. माझं एकुलतं एक कायमचं गिऱ्हाईक!

टाके उसवता उसवता डोक्यात वीजच चमकली. माणूस जाड कुठे होतो? बेकरीत. बारीक कुठे होतो? व्यायामशाळेत. बेकरी माझ्या डावीकडे, व्यायामशाळा उजवीकडे. आणि मधे कोण बसलंय? मी!

इतकी वर्षं मी काय माशा मारत होते?

६ तारीख, गुरुवार

बेकरीवाले काका "हो" म्हणाले. हे काका म्हणजे काडी. चाळीस वर्षं लोणी फेटतायत, अंगाला कणभर लागलेलं नाही. ठरलं असं, की केकच्या प्रत्येक खोक्यात माझी चिठ्ठी टाकायची. मजकूर माझाच — "खा बिनधास्त! कंबर आम्ही सैल करून देऊ." बदल्यात माझ्या प्रत्येक पिशवीत त्यांचं एक बिस्किट.

चिठ्ठी वाचून ताई म्हणाली, "अगं, हे लोकांना लागेल."

हिला विनोदाचं वावडंच आहे.

८ तारीख, शनिवार

लागलं.

एका बाईनं सासूच्या वाढदिवसाला केक नेला. मेणबत्त्या लावल्या, टाळ्या झाल्या, आणि खोक्यातली चिठ्ठी सासूबाईंनी मोठ्यानं वाचली. सून दुकानात येऊन रडली. काका माझ्यावर ओरडले — "त्यांनी केक परत पाठवलाय! अर्धा खाऊन!!"

चिठ्ठ्या बंद. ताई हसली नाही, पण भाजी वाढताना तिचे खांदे हलत होते. मी पाहिलं.

१० तारीख, सोमवार

हार मानली तर नाव सांगणार नाही. व्यायामशाळेत गेले. तिथल्या बाईंना मी शिट्टीबाई म्हणते, कारण गळ्यातली शिट्टी वाजवल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. मी म्हटलं, तुमची माणसं बारीक होतात, त्यांचे कपडे लोंबतात, ते माझ्याकडे पाठवा. त्या म्हणाल्या (फुर्र!), "आणि आम्हाला काय मिळणार?"

सुचेल ते बोलून बसले — "मी मापं घेऊन देते! नीट, टेपनं, वहीत लिहून. वीस वर्षांचा हात आहे माझा."

बाई खूश. महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी सगळ्यांच्या कमरा स्वतः मोजून ठेवल्यायत. चोवीस तारखेला मी मोजायच्या, आणि कोण किती उतरलं ते फळ्यावर लावायचं.

जमलं! ताईला सांगितलं. "एक ना धड भाराभर चिंध्या," म्हणाली. म्हटलं, चिंध्यांवरच तर आपलं पोट आहे!

१८ तारीख, मंगळवार

मामा पँट घेऊन आले. साहेब बारीक झालेत. इतक्या लवकर! मी विचारलं, "मामा, तुमचे साहेब खातात तरी काय?" मामा एकदम गोरेमोरे झाले आणि "बस चुकेल" म्हणून पळाले. बस अजून यायची होती.

२४ तारीख, सोमवार

मोजल्या. सव्वीस माणसांच्या सव्वीस कमरा, एका दमात. कुणी श्वास रोखून धरला, कुणी पोट आत ओढलं — माझ्यापुढे कुणाची डाळ शिजली नाही. वही शिट्टीबाईंच्या हातात दिली आणि ऐटीत घरी आले.

२५ तारीख, मंगळवार

धरणीमाते, पोटात घे!

फळा लागला. सव्वीसच्या सव्वीस जण जाड झालेत! कुणी एक इंच, कुणी दीड. तीन आठवडे घाम गाळून! पहाटे उठून! एक काका फळ्याखालीच बसले. एक बाई म्हणाल्या, "उपाशी राहूनही वाढतेय, तर मग खाऊनच वाढू दे," आणि तडक बेकरीत. मागोमाग सगळे. बेकरीवाल्या काकांच्या काचा दुपारपर्यंत रिकाम्या झाल्या. क्रीमरोलसुद्धा संपले. ते मला बघून हात जोडतायत — "काय जादू केलीत!"

शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली नाही. नुसतं बघितलं. ते शिट्टीपेक्षा वाईट.

माझं काहीतरी चुकलंय. काय, तेच कळत नाही. टेप तपासली, बरोबर आहे. ताईनं विचारलं, "काय झालं?" "काही नाही" म्हटलं आणि रडले. महिना संपायला सहा दिवस राहिलेत. मला शिक्के मारायचे नाहीत! मला हे माझं अडगळीचं दुकान हवंय, ते उसवायचं हत्यार हवंय, ती चॉकलेटी पँटसुद्धा हवीय.

२६ तारीख, बुधवार

सापडलं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बेकरीवाले काका खुशीत येऊन म्हणाले, माझा पण एक कोट शिवा. कंबर मोजली, वहीत लिहिली — तीस. ते म्हणाले, "छे! लग्नापासून माझी अठ्ठावीस." पुन्हा मोजली. अठ्ठावीस. आणि माझा हात आपोआप लिहायला गेला — तीस!

आमच्या गुरुजींनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, माप घ्यायचं अंगाचं, लिहायचं कपड्याचं. माणसाला बसता आलं पाहिजे, जेवता आलं पाहिजे, म्हणून दोन इंच सैल धरायचे. वीस वर्षं मी कुणाचंही खरं माप लिहिलेलं नाही. सव्वीस माणसांना मी दोन-दोन इंच जेवायला जागा ठेवली!

धावत सुटले. चप्पल एका पायात. शिट्टीबाईंसमोर कान पकडले. त्यांनी एकेकाच्या आकड्यातून दोन वजा केले... आणि अशी शिट्टी फुंकली की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. सगळे उतरलेत! कुणी एक इंच, कुणी अर्धा!

२९ तारीख, शनिवार

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. व्यायामशाळेचे घट्ट करायला, आणि मंगळवारपासून बेकरीत बसलेले सैल करायला. त्यातले काही तेच लोक आहेत. शिट्टीबाई म्हणतात, दर महिन्याला मापं मीच घ्यायची, पण लिहायची त्यांनी. काकांनी बारीक झालेल्यांसाठी बिनसाखरेचं बिस्किट काढलंय. चव पुठ्ठ्याची, पण खपतंय.

ताई दुकानात आली. ढीग बघितला. मग म्हणाली, "आवक-जावकला दुसरीला घ्यायला सांगते," आणि खाली बसून माझ्याबरोबर शिवण उसवायला लागली. नेहमीसारखी वाकडी उसवली.

३० तारीख, रविवार

ताई बाजारात गेली होती. मला मोठी कात्री सापडेना, म्हणून तिचं कपाट उघडलं. साड्यांच्या मागे वर्तमानपत्रातलं पुडकं होतं. आत चॉकलेटी पँट. इंचभर सैल, इंचभर घट्ट, सगळे टाके माझे. या घरात आम्ही दोघीच राहतो.

पुडकं होतं तसं बांधून ठेवलं. जेवताना ताईला दोनदा भात वाढला. ती म्हणाली, "अगं पुरे, जाड होईन!"

३१ तारीख, सोमवार

शिपाईमामा आले. पँट. "साहेब पुन्हा जाड झालेत."

मी म्हटलं, "साहेबांना सांगा, आता निवांत राहा. दुकान चाललंय." आणि इंचभर सैल केली.