पिवळं कार्ड आणि साक्षगंध

ता. ब्रह्मपुरी, दि. २१ जानेवारी २००१

तीर्थरूप धनराजभाऊंस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (शाळेत मी इंदुताई असले तरी तुमच्यापुढे इंदूच.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? आम्ही सगळे बरे आहोत. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि शेवटी तसंच ठेवलं, कारण दिसायला आम्ही बरेच आहोत. साक्षगंधाच्या तारखेचं तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तुमची डिंपल माझ्या भूपेशला द्यायची हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं, मामाचीच पोरगी, मग बहीण उत्तर का देत नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. कारण आमच्या शाळेतलं रक्ततपासणीचं शिबिर. सविस्तर सांगते.

तुम्हाला ठाऊकच आहे, एकोणीस वर्षं मी मुलांकडून सामान्य ज्ञान घोकून घेते. देवीची लस कोणी शोधली, क्ष-किरण कोणी, पेनिसिलीन कोणी. मुलं एका सुरात, क्रमाने म्हणतात. (मागच्या साली तपासणीला आलेल्या साहेबांनी मधलाच प्रश्न विचारला, तर आमच्या पोराने देवीची लस वाफेच्या इंजिनवाल्याला देऊन टाकली. साहेबांनी मान डोलावली. त्यांनाही क्रमानेच पाठ असावं.) तेव्हा सिकलसेलचं पथक आलं, त्या दिवशी दोन शब्द बोलायला अर्थातच मी उभी राहिले. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे आईबापांकडून येतं, अमेरिकेत हेरिक नावाच्या डॉक्टरांनी नव्वद वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा लिहून ठेवलं, सगळं सांगितलं आणि टाळ्यांची वाट पाहत थांबले. आमच्या तळ्यावरचे म्हातारे मासेमार रामाजी उठले. म्हणाले, "बाई, नव्वद वर्षं झाले न? मंग औषध कुठी हाय?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पथकातल्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पेटीत काहीतरी शोधू लागले.

तीन आठवड्यांनी कार्डं आली. दोष नाही त्याला पांढरं, दोष अंगात आहे पण त्रास नाही त्याला पिवळं, आणि खरा आजार त्याला लाल. आता रेशनचं पिवळं कार्ड मिळावं म्हणून ज्या गावाने दोन वर्षं तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या, त्या गावासाठी हे रंग कुणी निवडले, कोण जाणे. ज्यांना पांढरं आलं ते रुसले. रामाजी तर बोट पुढे करून बसले, की पुन्हा टोचा, मी का बंगलेवाला हावो? नथ्थू कोतवालाने आपलं पिवळं कार्ड घेऊन थेट स्वस्त धान्याचं दुकान गाठलं, आणि दुकानदाराने (भांडण नको म्हणून) त्याला साखर दिलीसुद्धा. भूपेशलाही पिवळं आलं, तर शेजारच्या प्रेमिलाबाई अभिनंदन करायला आल्या. मी त्यांना चहा दिला. काय करणार?

मग मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी माझ्याच फळ्यावर चार रेघा ओढल्या. नवरा-बायकोपैकी एक पिवळा आणि दुसरा पांढरा असला तर भीती नाही. दोघंही पिवळे असले, तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारांतला एक वाटा लाल कार्डाचा. त्या चौथ्या रेघेकडे पाहताना मी त्यांना आपल्या बहिणीबद्दल, कमळाबद्दल सांगितलं. पाण्याचे दिवस आले की तिचे हातपाय सुजायचे, डोळे हळदीसारखे व्हायचे, आणि अंग दुखतं म्हणून ती कुणाला हात लावू द्यायची नाही. वैदूने पोटावर डाग दिले तेव्हा तुम्ही तिचे पाय धरले होते आणि मी हात. तिने माझं मनगट घट्ट पकडलं होतं. तिला वाटत होतं, मी सोडवायला आलेय. गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, न तपासता कसं सांगू, पण बहुतेक तेच. म्हणजे आपले आई-बाबा दोघंही पिवळे. कुणी करणी केली नव्हती, भाऊ. डाग देऊन निघणारं ते नव्हतंच. तेव्हाही तिकडे पन्नास वर्षांपासून ते पुस्तकांत छापलेलं होतं, आणि आपल्या घरात त्याला नावही नव्हतं.

असो. वहिनींना नमस्कार सांगा. गुडघ्याला थंडी लागू देऊ नका.

तुमची,
इंदू

ता. क. साक्षगंध करू नका. हे पत्रात वरच लिहायला हवं होतं, पण कुठे लिहू ते सुचलं नाही.

ता. क. २. आधी डिंपलला तपासून पाहू, असं तुम्ही म्हणाल. तपासून झालं आहे. तेच पथक तिच्या कॉलेजात गेलं होतं. मागच्या रविवारी ती एकटीच बसने आली, माझ्यासोबत तांदूळ निवडत बसली आणि उठताना पिवळं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "आत्या, बाबाले तुमीच सांगा. मले नाई जमत." भूपेश अंगणातच होता. तो तिला स्टॉपवर सोडायला गेला, आणि बस गेल्यावरही बराच वेळ परतला नाही.

ता. क. ३. आता खरं काम. लग्न का मोडलं, हे लोक विचारणारच. पोरीच्या रक्तात दोष आहे म्हटलं, तर ज्याला काहीच भीती नाही असा पांढऱ्या कार्डाचा मुलगाही तुमच्या दारी येणार नाही. (पुढच्या मुलाचं कार्ड मात्र आधी पाहा, आणि खरं काय ते त्या एकट्याला सांगा.) बाकी तुमच्या साऱ्या नागभीडला सांगा, की बहिणीने हुंड्यात फटफटी मागितली. नुसत्या फटफटीने पटणार नाही, तेव्हा रंगीत टीव्हीही घाला. बहीण लोभी निघाली, यावर लोकांचा लवकर विश्वास बसतो. इकडे कुणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. भूपेशलाही सांगून ठेवलंय. तो एवढंच म्हणाला, "मले फटफटी चालवता येत नाई, मामाले माहीत हाय."

तरी सांगा.